भूमितीची अंत्ययात्रा

सोमवार, ६ ऑक्टोबर २०२५

स्टेशनरीच्या कपाटात या वर्षाची एक कोरी डायरी पडून होती. वर्षाचे तीन महिने उरलेत, आता ती कोण नेणार? मी उचलली. या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून एकोणीस वर्षांत घरी आणलेली ही पहिली वस्तू, शपथेवर सांगतो. मराठीत लिहिली की ऑफिसात चारुदत्तशिवाय कुणाला वाचता येणार नाही, आणि चारुदत्त स्टुडंट अफेअर्सचा साहेब, त्याला स्वतःच्या मेल वाचायला वेळ नसतो.

आज एचआरच्या नव्या बाईंना भेटलो. माझं कॉन्ट्रॅक्ट एकतीस डिसेंबरला संपतंय. दर खेपेला सप्टेंबरात पत्र यायचं. या वेळी बाई गोड हसून म्हणाल्या, "वी विल सी, मिस्टर उपेंद्र." काय बघणार आहेत कोण जाणे. माझं वय बघितलं असेल, अठ्ठावन्न. रिद्धी बारावीला, फेब्रुवारीत बोर्ड. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की तिची शाळा, मनखूलचं घर, सगळं खलास. सुजाताला अजून बोललो नाही. तिच्या जिवाला उगाच घोर कशाला?

तोवर एक काम दिलंय. अमेरिकेतल्या आमच्या मूळ कॉलेजला नोव्हेंबरात दीडशे वर्षं होतायत, म्हणून इथल्या, आखातातल्या शाखेतही फाउंडर्स वीक. मी लायब्ररीची एक भिंत सजवायची, तेव्हाचं कॅम्पस आणि आताचं कॅम्पस. तिकडून तिथल्या मुलांच्या जुन्या वर्तमानपत्राचे स्कॅन आलेत, १८७८ पासूनचे. दिवसभर तेच वाचत बसलो. बोट क्लबने नवी बोट आणली, ती पहिल्याच दिवशी बुडाली, सेक्रेटरीने राजीनामा दिला. तो मंजूर झाला नाही, कारण क्लबात पोहता येणारा तो एकटाच होता. बेसबॉलमध्ये आमच्या नऊ जणांनी शेजारच्या कॉलेजला एकतीस विरुद्ध नऊने धुतलं, सामन्यानंतर अंपायर सापडला नाही. वादसभेत झोपल्याबद्दल दोघांना दंड, त्यातला एक त्या दिवशीचा अध्यक्ष. मी एकटाच खो खो हसत होतो. माझं हसणं म्हणजे टेबल हलतं, समोरच्या दोन मुली उठून दुसरीकडे बसल्या.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

अर्श येऊन गेला. हा नूरुद्दीनचा मुलगा. नूरुद्दीन म्हणजे देवमाणूस. २००६ साली मी इथे उतरलो, पहिल्याच कंपनीने हात वर केले, तेव्हा तीन महिने त्याच्या देऱ्यातल्या खोलीत झोपलो आणि त्याच्या ताटात जेवलो. मूळचा राजापूरकडचा, जहाजांना सामान पुरवणाऱ्या कंपनीत स्टोअरकीपर, आता अजमानला राहतो. बायको गेल्यापासून बापलेक दोघंच. अर्शला इथेच घाला, माझ्या डोळ्यांसमोर राहील, असं मीच नूरुद्दीनच्या मागे लागून ठरवलं होतं. पोराने नाव काढलं. स्कॉलरशिप मिळवली, वादसभेचा सेक्रेटरी झाला, क्रिकेट टीममध्ये चौथ्या नंबरवर खेळतो, कॅम्पसचं न्यूजलेटरही तोच चालवतो. मे महिन्यात डिग्री.

नूरुद्दीनची कंपनी त्याला डिसेंबरअखेर मोकळं करतेय. म्हणून सप्टेंबरात अर्शचा व्हिसा युनिव्हर्सिटीवर घेतला. पुढचा हिशेब असा की पोराला डिग्री, मग नोकरी, मग पोरगा बापाला स्पॉन्सर करील. तेहतीस वर्षं ज्या मुलखात काढली तिथेच म्हातारपण जाईल. मध्ये चार-पाच महिने नूरुद्दीन गावी काढेल, एवढंच.

अर्श म्हणाला, "काका, न्यूजलेटरमध्ये कॉलम लिहा ना. वन फिफ्टी इयर्स अगो." मला पेजचा पासवर्डही देऊन टाकला, म्हणजे मी माझं मी चढवू शकेन. घरी सांगितलं तर सुजाता म्हणाली, "बसा आता मेलेल्या मुलांच्या मॅचचा स्कोअर मोजत."

बुधवार, २२ ऑक्टोबर

आज पाडवा. चकल्या मऊ पडल्या. एचआरकडून काही नाही.

पण आज सोनं सापडलं! १८८१ सालचा मे महिन्याचा अंक. दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली की मुलं भूमितीचं पुस्तक मेलं असं जाहीर करायची. काळी शवपेटी बनवायची, सहा जणांनी खांद्यावर घ्यायची, पुढे बँड, मागे छाती पिटणारे खोटे नातेवाईक, एकाने लॅटिनमध्ये श्रद्धांजली वाहायची आणि शेवटी टेकडीवर पुस्तक पुरायचं. त्या काळी बऱ्याच कॉलेजांत ही पद्धत होती म्हणे. वाचून मी उडालोच. फाउंडर्स वीकला भिंतीवर चार कागद डकवण्यापेक्षा हे करून दाखवलं तर? डीन मॅडम बघतील, एचआरच्या बाई बघतील. हा माणूस अजून कामाचा आहे, हे त्यांनाही कळेल.

अर्शला बोलावून दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. मग म्हणाला, "काका, जनाज़ा? हिअर? अब्बा विल किल मी."

"अरे, माणसाचा कुठे आहे? पुस्तकाचा आहे तो!"

"आय नो. स्टिल. लोक बघतील ना."

"बघायलाच तर करायचं. तुमच्याच कॉलेजची परंपरा आहे, मी काय माझ्या मनाचं सांगतोय?"

डोकं खाजवत उभा राहिला बिचारा. मग म्हणाला, "ओके काका, तुम्ही म्हणताय तर." भिडस्त आहे पोरगा, बापावर गेलाय.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

कार्यक्रमाचा परवानगी फॉर्म आज द्यायचा होता. अर्शची टेस्ट होती, म्हणून मीच भरला. 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात 'हेरिटेज वॉक, विथ प्रॉप्स' लिहिलं. शवपेटी बिटी लिहिलं असतं तर चारुदत्त दहा प्रश्न विचारत बसला असता. आयोजक म्हणून अर्शची सही लागते. त्याने कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकवून, न वाचताच केली आणि पळाला.

मीना बाझारातून काळं साटन आणलं. चाळीस दिरहम, म्हणजे साडेनऊशे रुपये झाले की! सुजाता म्हणाली, एवढ्यात दोन ब्लाउजपीस आले असते.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

काय दिवस होता! आधी लिहून काढतो, मग जेवतो.

पेटी झकास झाली. पुस्तकांच्या खोक्यांची बनवली आणि वरून साटन. आत रिद्धीचं दहावीचं भूमितीचं पुस्तक. ती म्हणाली, "बाबा, धिस इज सो विअर्ड." सव्वापाचला लायब्ररीच्या दारातून निघालो, वीस-पंचवीस मुलं. अर्श पुढे, पेटीचा पहिला खांदा त्याचा. मागे पोरं काय रडत होती! एक मुलगी तर "हाय मेरा पायथागोरस" करत लोळायचीच बाकी होती. मी मोबाईलवर शूटिंग करत मागून चालत होतो.

आणि मग कमाल झाली. आमचा मोतालिब, सफाईवाला, बांगलादेशचा, तो कोपऱ्यावर फरशी पुसत होता. त्याने पेटी बघितली आणि मॉप भिंतीला टेकवला. खिशातून रुमाल काढून डोक्याला बांधला, धावत आला आणि एका मुलाला बाजूला करून पेटीला खांदा दिला! तोंडाने काहीतरी पुटपुटत, खाली मान घालून चालतोय. त्याला खरंच वाटलं कुणीतरी गेलं. पोरांना हसू आवरेना. मलाही. माझं तर पोट दुखायला लागलं. "यल्ला मोतालिब, और आगे!" मी ओरडलो.

पंधरा-वीस पावलांनंतर अर्शने मागे वळून पाहिलं आणि एकदम पेटी खाली ठेवायला लावली. मोतालिबचा हात धरून त्याला बाजूला नेलं आणि त्याच्याशी काहीतरी बोलत राहिला. दमला असावा. लॅटिनचं भाषण राहूनच गेलं, मी दोन दिवस पाठ करून घेतलं होतं एका मुलाकडून. जरा हिरमोड झाला.

व्हिडिओ लगेच न्यूजलेटरच्या पेजवर टाकला. टाकल्या टाकल्या तीनशे लाइक.

शनिवार, १५ नोव्हेंबर

अर्शचा फोन. "काका, प्लीज तो व्हिडिओ काढा." काढला. पण कुणीतरी तोवर उतरवून घेऊन बाहेर टाकला होता. आता तो आमच्या हातात नाही. चाळीस हजार लोकांनी बघितलाय.

रिद्धीने विचारलं, "बाबा, इज दॅट माय बुक इन देअर?" हो म्हणालो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

कप्पाळ माझं.

एका पालकाने लेखी तक्रार केली. मग आणखी अकरा आल्या. मृत्यूची थट्टा केली, एका गरीब माणसाच्या श्रद्धेची थट्टा केली, युनिव्हर्सिटीने काय केलं ते कळवा. अर्शला तात्पुरतं काढलंय. फॉर्मवर सही त्याची, पेज त्याच्या नावावर, व्हिडिओत सगळ्यात पुढे स्पष्ट चेहरा त्याचा. आठवड्याभरात चौकशी समिती बसेल, डीन मॅडम, एक प्रोफेसर आणि चारुदत्त. बाकीच्या मुलांना लेखी ताकीद देऊन सोडलं.

चारुदत्तने मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं. मराठीत म्हणाला, "उपेंद्र, तू तिथे योगायोगाने होतास, बरोबर?"

तो पुढे म्हणाला, "तुझं रिन्यूअल टेबलावर आहे. मी फक्त विचारतोय. लायब्ररीतून बाहेर पडत होतास, गर्दी दिसली, थांबलास."

"हो," मी म्हणालो.

चारुदत्त सज्जन माणूस आहे. कसं विचारायचं हे त्याला कळतं.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

सुजाताने व्हिडिओ बघितला. मनखूलमधल्या सगळ्या बायकांच्या ग्रुपवर फिरतोय. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या तिने तो तीनदा लावला. मग बाहेर आली.

"अहो, हे हसतंय कोण?"

"मुलं हसतायत."

"मुलं नाही. हे जे गडगडून हसतंय ते. हे तुमचं हसू आहे."

मी म्हटलं, आवाज नीट येत नाही, कुणाचाही असेल. ती म्हणाली, "सत्तावीस वर्षं ऐकतेय मी. उद्याच्या उद्या जा आणि सांगून टाका. अर्शचं वर्ष जाईल."

"आणि आपलं काय जाईल?" मग सगळं सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट, व्हिसा, डिसेंबर. ती कोचावर बसली. आत रिद्धी पाठांतर करत होती, केमिस्ट्रीचं. बराच वेळ आम्ही तेच ऐकत बसलो. सुजाता पुन्हा तो विषय बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आता वाटतंय.

बुधवार, १९ नोव्हेंबर

कामात मन नाही. सहज म्हणून १८८१ चा पुढचा अंक उघडला. हा मी तेव्हाही चाळला होता, महत्त्वाचं काही दिसलं नव्हतं. तिसऱ्या पानावर खाली चार ओळी आहेत. दफनाच्या प्रकारावरून प्राध्यापक मंडळाने तीन विद्यार्थ्यांना काढून टाकलं. तिघांची नावं दिलीत. त्यातला एक बोट क्लबचा सेक्रेटरी, तो पोहता येणारा. पुढच्या चार वर्षांचे सगळे अंक आज शोधले. मॅचच्या बातम्या आहेत, निवडणुका आहेत, कुणाचं लग्न, कुणाला नोकरी. त्या तिघांचा कुठेही उल्लेख नाही. दुपारचं जेवण राहिलं.

लिफ्टपाशी मोतालिब भेटला. मी टाळत होतो, पण गाठ पडली. म्हणाला, "साब, हमको मालूम नहीं था किताब है. हम तो सवाब के लिए कंधा दिया." पुण्य लागतं म्हणून खांदा दिला बिचाऱ्याने. मी म्हटलं, कोई बात नहीं. तो म्हणाला, "गाँव में बीवी ने देखा. सब लोग हँसा." मग लिफ्टचं बटण दाबत, "वो लड़का अच्छा है साब. मेरे से माफी माँगा, उसी टाइम. उसको बोलो हम नाराज़ नहीं है." त्याला कंपनी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या साइटवर हलवतेय.

हे समितीला सांगावंसं वाटलं. पण मला कसं माहीत, असं विचारलं तर?

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दुपारच्या नमाजनंतर नूरुद्दीन आला. अजमानहून दोन बस बदलून. वजन उतरलंय त्याचं. चपला दाराबाहेर काढल्या, नेहमी आत काढतो.

"उपेंद्रा, तू होतास ना तिथं?"

"होतो रे. म्हणजे लांब होतो. बाहेर पडत होतो, तेव्हा दिसलं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पोरगा काय बोलत नाय. विचारला तर म्हणतो, माझी चूक. असला काय सुचणारा पोरगा नाय तो. कोणी सांगितला असेल त्याला?"

मी म्हटलं, आजकालची मुलं, इंटरनेटवर काय काय बघतात.

"तू बोलशील ना त्याच्यासाठी? कमिटीत?"

"बोलीन की. इन्शाल्ला सगळं नीट होईल."

सुजाताने चहा आणून ठेवला आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही. नूरुद्दीनने अर्धा चहा ठेवला. जाताना रिद्धीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "अभ्यास कर हां बेटी." त्याला एवढं खचलेलं मी वहिनी गेल्या तेव्हाही पाहिलं नव्हतं. मला स्वतःची किळस आली. हे कुणाला सांगणार? म्हणून इथे लिहितोय.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

समिती झाली. मला साक्षीदार म्हणून बोलावलं. अर्श टेबलाच्या टोकाला, पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले.

डीन मॅडमनी विचारलं, शवपेटी नेणार आहेत हे तुम्हाला ठाऊक होतं का?

मी म्हणालो, फॉर्मवर हेरिटेज वॉक लिहिलं होतं.

हे काही खोटं नाही. फॉर्मवर तेच लिहिलं होतं.

मग म्हणालो की मुलगा चांगला आहे, हुशार आहे, त्याला एक संधी द्यावी. हे मनापासून म्हणालो. मॅडमनी लिहून घेतलं.

मग त्यांनी अर्शला विचारलं, ही कल्पना कुणाची? तो म्हणाला, "आय रेड इट इन द ओल्ड पेपर, मॅम." कुणी दाखवला? "इट्स इन द लायब्ररी. एनिवन कॅन रीड इट." व्हिडिओ कुणी काढला, पेजवर कुणी टाकला? "द पेज इज माय रिस्पॉन्सिबिलिटी." प्रोफेसरने व्हिडिओ लावला, ते हसणं खोलीभर झालं, आणि त्यांनी विचारलं, हा कोण हसतोय? अर्श म्हणाला, "आय डोन्ट नो, सर. आय वॉज इन फ्रंट." चारुदत्त पेनाचं टोपण काढत-घालत होता. एकदाही वर बघितलं नाही त्याने.

अर्शने तेवढ्यात एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. कसं ते सांगता येत नाही. मला वाटतं, मी त्याच्या बाजूने बोललो म्हणून त्याला बरं वाटलं असावं.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

अर्शचं नाव काढलं. कायमचं. व्हिसा रद्द होईल, निघायला थोडे दिवस देतील. सातवी सेमिस्टर संपत आली होती पोराची, एक उरली होती.

लायब्ररीतली भिंत उतरवायला सांगितली. मीच उतरवली, एकेक पिन काढून.

सोमवार, ८ डिसेंबर

पत्र आलं. एक वर्षाचं रिन्यूअल. एचआरच्या बाई म्हणाल्या, "काँग्रॅच्युलेशन्स." घरी येताना मिठाईच्या दुकानापर्यंत गेलो आणि तसाच परत आलो. सुजाताच्या हातात पत्र दिलं. तिने वाचलं, घडी केली, पासपोर्टच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि कुकर लावायला गेली. आम्ही वाचलो. मग हे असं का वाटतंय? कुणी मेल्यासारखं घर झालंय.

शनिवार, १३ डिसेंबर

नूरुद्दीन आणि अर्श गेले. कंपनीने नूरुद्दीनला पंधरवडा आधीच सोडलं, त्याने अजमानची खोलीही खाली केली. दोघं एकाच विमानाने. एअरपोर्टला सोडशील का, असं त्यानेच फोन करून विचारलं. मी कसा नाही म्हणणार?

दुपारची फ्लाइट होती. तेहतीस वर्षांच्या चार बॅगा. नूरुद्दीन पुढे, अर्श मागे. शारजात ट्रॅफिक लागला आणि नूरुद्दीनने तोंड सोडलं. मी त्याला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "काय अक्कल म्हणायची! मय्यतीचा तमाशा करतात? त्या गरिबाने भक्तीने खांदा दिला, तर त्याच्यावर हसतात? कोण हसला रे? बोल ना, कोण हसला?"

अर्श खिडकीबाहेर बघत होता.

"उपेंद्रा, तू सांग. तू होतास. कोण हसला?"

मी म्हटलं, एसी वाढवू का?

पुन्हा थोड्या वेळाने, "एवढा मोठ्याने हसणारा माणूस, त्याला काय वाटत नसेल? उपेंद्रा, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, जाऊ दे ना आता, प्रवासाच्या वेळी कशाला. पुलाखालून टर्मिनलकडे वळलो तर पुन्हा तेच, "अजून सांग कोण होता. मी त्याला काय करणार नाय. फक्त कोण ता सांग." पोराला सारखं टोचत होता. मला अर्शची दया आली. मी विषय काढला बॅगांच्या वजनाचा.

ट्रॉलीवर बॅगा चढवल्या. अर्शने हात पुढे केला. "काका, रिद्धीला ऑल द बेस्ट सांगा. बोर्डसाठी." आवाज शांत होता. मनात काही नाही पोराच्या. मी त्याला मिठी मारली, खूप घट्ट. नूरुद्दीनलाही मारायला गेलो, पण तो ट्रॉली ढकलत पुढे गेला होता. गर्दी होती.

पार्किंगमध्ये गाडीत बसून रडलो. पासपोर्टवर शिक्का बसेपर्यंत धावत जाऊन सांगता आलं असतं. वीस मिनिटं मिळाली होती. बसून राहिलो.

शनिवार, २० डिसेंबर

संध्याकाळी पाचच्या सुमारास नूरुद्दीनचा फोन आला, गावाहून. मला आनंद झाला. म्हटलं, पोचला, सावरला, आठवण काढली.

"काय रे, कसा आहेस? अर्श कसा आहे?"

"तो बंदरावर गेला. आत्याच्या पोराबरोबर बर्फ उतरवायला." मग म्हणाला, "तीनदा विचारला मी तुला गाडीत."

मला आधी कळलंच नाही. काय विचारलं, म्हणालो.

"कोण हसला ता. तुला काय वाटला, मी पोराला बोलत होतो?"

मी टीव्हीचा आवाज बंद केला.

"एका खोलीत झोपलो आपण. तू हसायचास तेव्हा वरच्या पलंगावरचा माणूस उठून बसायचा. मला ओळखत नाय तुझा हसणा? मी पहिल्याच दिवशी व्हिडिओ लावला नि बंद केला."

"अर्शने सांगितलं का?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"त्याने नाय सांगितला. मीच म्हटला त्याला, चल, जातो ऑफिसात, बोलतो. तर माझे पाय धरले पोराने. म्हणाला, अब्बा, त्यांची नोकरी जाईल, रिद्धीचा बोर्ड आहे. मी म्हटला, बरा. उपेंद्र स्वतः बोलेल. मी ओळखतो त्याला. तुझ्या घरी आलो ता त्याच्यासाठी. गाडी सांगितली ती पण त्याच्यासाठी. टॅक्सी काय मिळत नव्हती मला?"

मी "नूरुद्दीन, ऐक ना" म्हणालो.

"विमान उडेपर्यंत मी फोन चालू ठेवलेला," तो म्हणाला. "आता नको करू." आणि ठेवला.

मी परत लावला. उचलला नाही. परत लावला. स्विच ऑफ.

रिद्धी पुस्तक हातात घेऊन दारात उभी होती. "बाबा, हू वॉज इट? यू ओके?"

मी म्हटलं, राँग नंबर.